वाढलेली रजा

“आईला शेवटचं कधी भेटलात?”

काचेपलीकडची मुलगी माझा पासपोर्ट उलटापालटा करत होती. वयाने माझ्याहून लहानच असेल.

“सोळा वर्षांपूर्वी,” मी म्हटलं.

“सोळा?” तिने पासपोर्टातली जन्मतारीख पाहिली. “म्हणजे तुम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होता. आई इथे दिमोनात, तुम्ही ठाण्यात. मधे एकदाही भेटला नाहीत? का?”

तेल अवीवच्या विमानतळावर खोदून खोदून विचारतात, हे मला ठाऊक होतं. त्यात मी एकटी बाई, पाठीवर सॅक, नऊ महिने सलग भटकलेली. सॅक कुणी भरली, कुणी काही ठेवायला दिलं का, नेपाळात काय केलं, जॉर्जियात कुणाकडे राहिले, या सगळ्याची उत्तरं मी इस्तंबूलहून येताना विमानात मनाशी घोकली होती. हे एवढं घोकलं नव्हतं.

“राहून गेलं,” मी म्हटलं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

ही २००९च्या जुलैमधली गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळचे रोह्याजवळच्या अष्टमीचे, आजोबांपासून ठाण्यात राहणारे. आमच्यातली बरीच माणसं एकेक करून इस्राएलला निघून गेली. पपांना जायचं नव्हतं. ते पाणीखात्यात जलवाहिन्यांचे नकाशे काढायचे, संध्याकाळी घरी येऊन पेपर वाचायचे, शनिवारी सिनेगॉगला प्रार्थनेला जायचे. आई मात्र त्र्याण्णव साली गेली. दिमोनात माझी आजी बाथरूममध्ये पडली होती, तिचा खुबा मोडला होता. आई म्हणाली, सहा महिन्यांत येते. नंतर पत्र आलं, नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, येते. मग पेसाहच्या सणाला. मग पत्रांत तारीख येईनाशी झाली. माझ्या लग्नात तिने क्रीम रंगाची साडी पाठवली, पपा गेले तेव्हा फोन केला. त्या फोनवर इतकी खरखर होती की ती रडत होती की लाइन खराब होती, मला कळलं नाही.

दोन गाड्या बदलून मी दिमोनाला उतरले. वाळवंटातलं गाव. दुपारी चारलाही ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. स्टॉपवर एक बाई उभी होती, फिकट हिरवा झगा घातलेली, केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. आई म्हणून माझ्या डोळ्यांसमोर वेणी घातलेली, साडीतली बाई होती. तिनेच मला ओळखलं.

“शुला,” ती म्हणाली. “केवढी वाळलीस ग.”

मी सॅक खाली ठेवली. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. आईही बहुधा तशीच उभी होती. मग तिने सॅकचा एक पट्टा उचलला, दुसरा मी धरला आणि आम्ही दोघी ते ओझं मधे लोंबकळवत घरी गेलो.

खरं सांगायचं तर काही न वाटण्याची मला तोवर सवय झाली होती. पहिले चार महिने मी हावऱ्यासारखी हिंडले. ठाण्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. मेकाँग नदी फळ्यावर खडूने कितीदा काढली होती, ती लाओसमध्ये प्रत्यक्ष समोर आली तेव्हा मी काठावर बसून हमसून हमसून रडले होते. पुढे पुढे गावं एकमेकांत मिसळायला लागली. आर्मेनियात एका मठासमोर तासभर उभी राहिले आणि आपण हा कालच पाहिला की हा दुसरा, ते आठवेना. दात घासावेत तसं मी रोज काहीतरी बघत होते. नवरा जोएल ठाण्यात होता. त्याला मी तीन महिने सांगून निघाले होते. शाळेतूनही तेवढीच बिनपगारी रजा घेतली होती. मग मेल करत राहिले, आणखी एक महिना, आणखी एकच. तो दर वेळी लिहायचा, “हो, बघून घे नीट. मी आहे.” आता मात्र रविवारचं मुंबईचं तिकीट काढलेलं होतं. मधले पाच दिवस आईचे.

आईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, कपडे वाळत घालायची गच्ची. तिने भात आणि मासळीचं नारळाच्या दुधातलं कालवण वाढलं.

“बरं झालंय?” तिने विचारलं.

“हो.”

मला चव लागत नव्हती. मी दुसऱ्यांदा भात घेतला, तिला बरं वाटावं म्हणून.

“जावई कसे आहेत?”

“बरा आहे.”

“एकटे राहतात एवढे दिवस? जेवणाचं काय करतात?”

“त्याला येतं सगळं. माझ्याहून चांगलं करतो.”

“स्वभावाने?”

“चांगला आहे, आई. खूप चांगला आहे.”

आईने मान हलवली आणि ताट उचललं. जेवून मी जी आडवी झाले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. पुन्हा जेवले, पुन्हा झोपले. आई कामावर जायची, यायची, माझ्या अंगावरची चादर सारखी करायची. हे मला झोपेत कळायचं, पण डोळे उघडावेसे वाटायचे नाहीत.

बुधवारी फ्लोरामावशी आली. आईची धाकटी बहीण, जवळच राहायची. तिने मला पोटाशी धरलं, रडली, डोळे पुसले आणि समोर बसून सुरू झाली.

“तुझ्या आईने काय सोसलंय, तुला कल्पना नाही शुलू. आमची आई तीन वर्षं अंथरुणावर. उचलणं, धुणं-पुसणं, सगळं हिने केलं. माझी लेकरं लहान, मला जमेना. अडकली बिचारी. नाहीतर पोटची पोर सोडून कोण राहील? तुझ्या आठवणीने रात्र रात्र उशी भिजवायची.”

आई ओट्याशी कांदा चिरत होती. तिने वळून पाहिलं नाही.

“हो ना ग रिवका?” मावशी म्हणाली.

“चहात साखर किती घालू तुझ्या?” आईने विचारलं.

मला मावशीचं बोलणं ओळखीचं वाटलं. असं एक उत्तर मी स्वतःच लहानपणापासून रचून ठेवलं होतं. शाळेत कुणी विचारलं की हेच सांगायचे, याच क्रमाने, फक्त उशीचं नव्हतं त्यात.

गुरुवारी आई म्हणाली, “घरात पडून राहण्यापेक्षा माझ्याबरोबर चल.” ती वृद्धाश्रमात काम करायची. लांबलचक हॉल, ओळीने खुर्च्या आणि त्यांत म्हातारी माणसं. कुणी मोरोक्कोचं, कुणी रोमानियाचं, तिघीचौघी आपल्याकडच्या. आई आत शिरली आणि हॉलमधली हवाच बदलली. ती हिब्रूत मोठमोठ्याने बोलत होती. एका म्हाताऱ्याची टोपी काढून तिने स्वतःच्या डोक्यावर घातली, तो खदखदून हसला. एका आजींना भरवताना ती मराठीत म्हणाली, “शेगुलाबाई, तोंड उघडा, नाहीतर तुमच्या वाट्याचं मी खाईन.” आजी म्हणाल्या, “खा मेले, खा,” आणि दोघी हसायला लागल्या.

मी दाराशी पाण्याचा जग धरून उभी होते. आईला इतकं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. ठाण्यातली आई मला आठवत होती ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेली. हातात काहीतरी निवडायला घेतलेलं आणि नजर बाहेर. तिला हाक मारली की ती दोन हाकांनंतर वळायची.

परतताना तिने पर्समधून घराची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार ढकलून क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली. आदल्या दोन्ही दिवशी ती तशीच थांबलेली मी अर्धवट झोपेत पाहिली होती, पण तेव्हा आत मी होते. आज रिकामं घर बघून तिचा चेहरा सैल झाला.

शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की लागतो; त्याच्या आत सगळा स्वयंपाक, फोन, सगळं उरकायचं असतं. त्या दिवशी आईने सुट्टी घेतली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून तिने परात मधे ठेवली आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून डाळिंब्या सोलायला लागलो. अंगठा आणि बोट दाबलं की दाणा टुपकन सालातून निसटतो. 

“का नाही आलीस परत?” मी विचारलं.

माझा आवाज मलाच सपाट वाटला. इतकी वर्षं हा प्रश्न मी ओरडून, रडून, कसकसा विचारणार होते. तो असा वालाच्या सालांत पडला.

आई सोलत राहिली. मग म्हणाली, “फ्लोरा सांगते ते खरं नाही.”

“आजी आजारी नव्हती?”

“होती. पहिलं वर्ष मी तिच्यासाठीच राहिले. पण पुढे आश्रमात काम मिळालं. सकाळी निघायचं, संध्याकाळी यायचं. लोक नावाने हाक मारायचे.” तिने पुढचा वाल उचलला. “मला इथे बरं वाटायला लागलं, शुला. खोटं कशाला सांगू? तुझी आठवण यायची. पण परत जायचं म्हटलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.”

“पपांनी काही केलं होतं?”

“नाही ग. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. देवमाणूस.” तिने एक दाणा सोलून हातातच धरला. “त्यांनी काही केलं असतं तर सोपं गेलं असतं. लोकांना सांगता आलं असतं, स्वतःला सांगता आलं असतं. चांगल्या माणसाला सोडायला कारण कुठून आणायचं?”

“मग तसं लिहायचंस. येत नाही म्हणून.”

“लिहायला बसायचे. पहिली ओळ लिहायचे, सर्व क्षेम. पुढे हात चालायचा नाही. म्हटलं, समजतील आपोआप. नाही आली म्हणजे नाहीच येणार, हे माणसाला कळतंच की. पुढेमागे विसरलेही असतील.”

मी परातीतली सालं एका बाजूला केली.

“पपांना कुणी विचारलं, मंडळी कुठे असतात, तर ते काय सांगायचे माहिती आहे?”

“काय?”

“आईच्या दुखण्याला गेलीय.”

“पण आई तर शहाण्णवला गेली.”

“हो. पपा दोन हजार सातपर्यंत तेच सांगत होते. दवाखान्यात त्यांना ठेवलं, तेव्हा नर्सने विचारलं, घरी बायको असते का? तिलाही तेच सांगितलं. आईच्या दुखण्याला गेलीय, येईल इतक्यात. लोकांना माहीत होतं आजी गेल्याचं. सिनेगॉगमध्ये तिच्यासाठी प्रार्थना पपांनीच म्हणवून घेतली होती. पण त्यांनी असं सांगितलं की सगळे माना डोलवायचे. मीही.”

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे.  मला वाटलं, आता मी रागावेन. इतक्या वर्षांचा राग आता तरी येईल. पण आत काही हललं नाही. समोर एक पन्नाशीची बाई बसली होती, तिच्या बोटांना सालं चिकटली होती, एवढंच मला दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली, हात धुतले, कढई ठेवली. पाठमोरी असतानाच म्हणाली, “रविवारी निघशील. जावई येतील ना विमानतळावर घ्यायला?”

आणि इथे मला ती गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

इस्तंबूलमध्ये मी जोएलचा मेल वाचला होता. नेहमीसारखाच. खिडकीला नवे पडदे लावलेत, तुझी कुंडी जगली आहे. आणि शेवटी एक ओळ: खालच्या मजल्यावरचे विचारतात तुझ्याबद्दल, मी सांगतो, शाळेने रजा वाढवून दिलीय. शाळेने रजा वाढवली नव्हती. मार्चमध्येच मुख्याध्यापकांनी कळवलं होतं की माझी जागा भरली. मी ते जोएलला सांगितलं नव्हतं. पण त्याला ते कळलं असणारच, शाळा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होती. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग उठले आणि आईकडे यायचं तिकीट काढलं.

“आई,” मी म्हटलं, “मला फोन करायचाय. ठाण्याला.”

“कर की. दिवे लावायला अजून अवकाश आहे.”

फोन स्वयंपाकघरातच भिंतीला होता. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. दुसऱ्या घंटेला त्याने उचलला.

“शुला? अग, आत्ता कसा काय? आई कशी आहे?”

“बरी आहे. जोएल, ऐक.”

“तुझं विमान सोमवारी सकाळी येतं ना? मी अर्धा दिवस टाकलाय.”

“जोएल, मी मुंबईला येतेय. पण घरी येणार नाहीये.”

“म्हणजे? कुठे जायचंय आधी?”

“पनवेलला. माझी मैत्रीण आहे ना, स्वरूपा, तिच्याकडे राहीन. आणि नंतरही घरी येणार नाही. मला आपला संसार पुढे करायचा नाहीये.”

पलीकडे आमच्या गल्लीतला कुणाचा तरी स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न ऐकू येत होता.

“माझं काही चुकलं का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“कुणी भेटलंय?”

“नाही. कुणी नाही.”

“मग?”

“तीन महिन्यांनी परत यायचं म्हटलं, तेव्हा मला यावंसं वाटलं नाही. सहा महिन्यांनीही नाही. मी तुला एकेक महिना सांगत राहिले, ते खोटं होतं. शाळेने माझी जागा कधीच भरलीय. तुला माहितीये ते.”

“माहितीये,” तो म्हणाला.

“मग लोकांना रजा वाढलीय म्हणून सांगू नकोस. माझी वाट बघू नकोस.”

तो अगदी हळू म्हणाला, “हे फोनवर सांगतेयस तू, शुला.”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी वळले. आई हातात झारा घेऊन उभी होती. कढईतला कांदा करपत होता. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“असं सांगतात?” ती म्हणाली. “सणावाराच्या दिवशी, असं तोंडावर? काय वाटलं असेल त्या पोराला? माणसाने काहीतरी आडपडदा ठेवावा! थोडं दमाने, थोडं कळेल न कळेलसं...”

ती मधेच थांबली. आपण काय बोलतोय हे तिला ऐकू आलं असावं. तिने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यावर बसली. मी करपलेला कांदा काढून टाकला, कढई घासली, दुसरा कांदा चिरायला घेतला. डाळिंब्यांचं बिरडं त्या दिवशी मीच केलं. संध्याकाळी आईने काचेच्या पेल्यात तेल घालून दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. प्रार्थना संपल्यावरही ते हात कितीतरी वेळ खाली आले नाहीत.

त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पुढली दहा वर्षं, ती जाईपर्यंत, दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायचा. काय केलंस, काय खाल्लंस, पाऊस पडला का. भारतात मात्र ती कधी आली नाही, आणि येते असंही कधी म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी मी मुंबईला उतरले. बाहेर कठड्यापाशी माणसांची झुंबड होती, आणि त्या झुंबडीच्या एका टोकाला जोएल उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला वाटलं, त्याने ऐकलंच नाही की काय आपलं. की ऐकून सोडून दिलं?

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“येऊ नकोस असं तू म्हणाली नव्हतीस,” तो म्हणाला. “आणि फोनवर माणसाला काहीही वाटू शकतं. थकवा असतो, परका मुलूख असतो. म्हणून आलो. आता समोर सांग.”

“जोएल...”

“सांग. मी ऐकतो. परत विचारणार नाही.”

माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी ढकलगाड्या घेऊन जात होती. कुणाच्या तरी गळ्यात हार पडत होते. मी त्याच्याकडे बघून बोलायला लागले. तेच, त्याच शब्दांत. संसार पुढे करायचा नाही. तुझं काही चुकलेलं नाही. वाट बघू नकोस. पण या वेळी दुसऱ्या वाक्याला माझा आवाज फुटला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा नाक, डोळे, घसा, सगळं भरून आलं.  मला धड बोलता येत नव्हतं, पण मी थांबले नाही, शेवटपर्यंत सांगितलं.

तो ऐकत होता. एकदाही त्याने नजर हटवली नाही. सगळं सांगून झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, मला वाटलं मला देतोय, पण त्याने स्वतःचे डोळे पुसले.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “कळलं.”

मग त्याने टॅक्सीला हात केला, दार उघडलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “यांना पनवेलला सोडा.”